समुद्राची बाटली

"अण्णा हे अत्यंत साधे आणि देवभोळे कर्मचारी होते. तंबाखूच्या सवयीने उतारवयात त्यांचे नाक निकामी झाले होते आणि त्या मोहिमेत डेकवर झिंक ॲसिटेट नेण्याचेच त्यांच्याकडून राहून गेले. अशा चुका माणसाच्या हातून होतात. आम्ही त्यांना केव्हाच क्षमा केली आहे."

अण्णांच्या पहिल्या स्मृतिदिनी कुंडलच्या शाळेत जी स्मरणिका निघाली, तिच्यात आमच्या मोहिमेचे प्रमुख असलेल्या डॉक्टरसाहेबांनी हे लिहिले आहे. त्याआधी आठ दिवस हाच मजकूर आम्हा निवृत्तांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरत होता आणि त्याखाली हात जोडल्याची चित्रे पडत होती. या चार वाक्यांपैकी तिसरे तेवढे खरे आहे, पण ते लिहिणाऱ्याला लागू पडते. मी त्या जहाजावर रसायनतज्ज्ञ होतो. आता मलकापुरात राहतो, चष्म्याशिवाय वाचता येत नाही, पण आठवायला चष्मा लागत नाही.

अण्णा साधे नव्हते. त्यांचे नाक तर मुळीच साधे नव्हते. समुद्रतळात रुतवलेला लांब नळ चिखलाने भरून वर आला आणि उभा चिरला, की अण्णा त्याच्यावर ओणवे होत. वरपासून खालपर्यंत एकदाच नाक फिरवत आणि एका जागी अंगठ्याच्या नखाने रेघ ओढत. "इथनं खाली जित्ता हाय." पुढे दोन दिवस यंत्रे चालत, मी आलेख काढी आणि माझी रेघ अण्णांच्या नखाच्या फार तर चार बोटे इकडे-तिकडे पडे. मला त्याचा राग येई, हे मी आज कबूल करतो.

जित्ता म्हणजे काय, हे मी नव्या संशोधकांच्या वर्गात तासभर सांगत असे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असते, ते वरून चिखलात झिरपते. जिथे तळाखाली मिथेनचे शीत झरे असतात, तिथे खालून मिथेन वर चढतो. दोघांची जिथे गाठ पडते, तिथे सूक्ष्मजीव दोघांनाही संपवतात आणि मागे सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू व चुनखडीचे खडे उरतात. असे झरे शोधणे हेच आमच्या मोहिमांचे काम, आणि झरा जितका जोराचा, तितकी ही गाठ वर. अण्णा हेच एका दमात सांगत. "खालनं गॅस येतोय, वरनं मीठ येतंय, मधी खाणारं बसल्यात. जेवण झालं की ढेकर देत्यात. ढेकर वरच आला, तर समजायचं, पंगत मोठी हाय."

तंबाखूची गोष्ट तर निव्वळ बदनामी आहे. नळ टाकायच्या आदल्या दिवसापासून अण्णा कच्चा कांदा, लसूण, चहा काहीही घेत नसत. कुंडलच्या माणसाने भाकरीबरोबर कांदा सोडणे म्हणजे काय, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. साध्या भातावर मीठ घालून ते जेवत. डेकवर कुणी अत्तर लावून आलेले त्यांना खपत नसे. एका नव्या संशोधक मुलीला त्यांनी सगळ्यांसमोर परत पाठवले, "आवं मॅडम, आंघोळ करून या. तुमच्या सेंटानं चिखल लाजतोय." ती रडली. अण्णा म्हणाले, "रडा, पर साबण बिनवासाचा घ्या."

अण्णांच्या पुतण्याने त्याच स्मरणिकेत लिहिले आहे, की अण्णा देवमाणूस होते आणि त्यांनी कधी कुणाचे मन दुखवले नाही. हेही खोटे आहे. माझेच मन त्यांनी आठवड्यातून दोनदा दुखवले. पहिल्या मोहिमेत मी हातमोजे घालून चिखलापासून हातभर दूर उभा होतो, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, पोरगी बघायला आलायसा का? जवळ या की, चावत न्हाई." खलाशी आठ दिवस मला 'नवरदेव' म्हणत होते. अण्णांची जीभ कोयत्यासारखी होती आणि ती चालवताना ते समोरच्याचा हुद्दा पाहत नसत. डॉक्टरसाहेबांना ते जन्मभर सलत राहिले, त्याचे मूळ या जिभेत आहे.

अण्णांची एक रीत होती. चिखल पिळून निघालेले पाणी ते नेहमी दोन बाटल्यांत भरत. "एक साहेबाची, एक समुद्राची." साहेबाची यंत्राकडे जाई. समुद्राचीला ते रबरी बूच लावून वर मेण ओतत आणि खोक्यात ठेवून देत. पण बूच लावण्याआधी दोन्हींत झिंक ॲसिटेटचे थेंब पडलेच पाहिजेत, यावर त्यांचा कटाक्ष होता. त्याचे कारण असे, की तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू हवेला लागला की काही उडून जातो आणि उरलेल्याचे पुन्हा सल्फेट होऊ लागते. मग जिवंत चिखलाचे पाणी मेल्याची साक्ष देते. झिंक पडले, की तो वायू पांढरा साका होऊन तळाशी बसतो आणि कुठेही पळत नाही.

स्मरणिकेतल्या त्या मोहिमेत एके दिवशी नळ वर आला आणि अण्णांचे नख वरपासून जेमतेम एक हातावर थांबले. मी एवढ्या वर कधीच रेघ पाहिली नव्हती. अण्णांचा आवाजच बदलला.

"साहेब, इथनंच जित्ता हाय. लय जोरात."

डॉक्टरसाहेब साताऱ्याचे, बोलणे अगदी स्वच्छ. ते म्हणाले, "चिखल म्हटला की वास येणारच, अण्णा. नाकाने पेपर लिहिता येत नाही."

"नाकानं न्हाई, पर नाकाबिगर तरी कुठं लिवता येतोय?"

खलाशी हसले. माझ्या मते अण्णांचे आयुष्य त्या हसण्यात बुडाले. पाणी पिळून झाले होते, समुद्राच्या बाटलीत थेंब पडले होते आणि दूध नासल्यासारखे पांढरे काहीतरी तिच्यात तरंगू लागले होते. चिठ्ठी मी लिहिली. नळाचा क्रमांक, खोली, तारीख. अण्णांचा हात साहेबाच्या बाटलीकडे वळला, तोच डॉक्टरसाहेबांनी साहेबाच्या बाटल्यांचा सगळा ट्रे उचलला; समुद्राची अण्णांच्या हातात राहिली.

"आवं थांबा, झिंक ऱ्हायलंय!"

"मला शिकवतोस? आज नाक बाजूला ठेव. यंत्र काय म्हणतं ते मी बघतो."

तो ट्रे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडाच पडला होता. यंत्राने अर्थात सांगितले, की सल्फेट खालपर्यंत आहे आणि वायू जवळजवळ नाही. अहवालात 'मृत गाळ' असे लिहिले गेले आणि जहाज पुढे निघाले. अण्णा कठड्याला धरून मागे बघत राहिले. म्हणाले, "जित्त्याला मढं म्हणून चाललोय."

दोन वर्षांनी दुसऱ्या एका जहाजाने त्याच जागी नळ टाकला. चुनखडीचे खडे, शिंपले, बुडबुडे, सगळे हातभर खोलीवर मिळाले. मग आमच्याकडे चौकशी बसली आणि डॉक्टरसाहेबांनी सांगितले, की त्या दिवशी डेकवर झिंक ॲसिटेटचा थेंबही नव्हता, अण्णा ते आणायलाच विसरले होते. मला बोलावून एकच प्रश्न विचारला गेला. "अण्णांना झिंक टाकताना तुम्ही पाहिलेत का?" माझ्या निवृत्तीला चार वर्षे उरली होती आणि बढतीच्या कागदावर डॉक्टरसाहेबांची सही व्हायची होती. मी म्हणालो, "मी चिठ्ठी लिहीत होतो." हे वाक्य शब्दशः खरे होते. इतके नीच खरे मी आयुष्यात दुसरे बोललो नाही. आज कुणी म्हणेल, म्हातारा पाप धुतो आहे. खुशाल म्हणा. माझे पाप माझ्याजवळ राहील, त्यामुळे डॉक्टरसाहेबांचे कमी होत नाही.

बाहेर बाकावर अण्णा बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, तुमचं अक्षर लय चांगलं हाय." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतेही बोलले नाहीत.

त्यांना जहाजावरून उतरवून भांडारात बसवले. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षे त्यांनी बाटल्या धुतल्या. बाटल्या क्रोमिक ॲसिडने धुतल्या जात, खोलीला एक खिडकी होती आणि ती रंगाने चिकटून बसली होती. दुसऱ्या वर्षी नाकातून रक्त येऊ लागले. चौथ्या वर्षी आतला पडदा झिजून त्याला भोक पडले. ज्या नाकावर आम्ही सगळे जळलो, ते असे संपले. निकामी झाल्याचे डॉक्टरसाहेबांनी लिहिले ते खरे, पण ते मोहिमेनंतर झाले, त्यांच्या आदेशाने झाले आणि भांडाराच्या मागणीपत्रांवर ॲसिडसाठी सही त्यांचीच असे.

अण्णाही निवृत्त झाल्यावर एकदा मी कुंडलला गेलो. गुऱ्हाळ चालू होते, रस्त्यापासूनच गुळाचा वास येत होता. अण्णा कढईपासून चार हातांवर बसले होते. त्यांनी गुळव्याला विचारले, "झाला का रं गूळ?" गुळव्या हसून म्हणाला, "आवं अण्णा, निम्म्या गावाला कळलं की!" अण्णा उठले आणि घरात गेले. मला त्यांनी चहा पाठवला, स्वतः बाहेर आले नाहीत.

गेल्या वर्षी ते गेले. दिवस झाल्यावर वहिनींनी मला निरोप पाठवला. भिंतीतल्या देवळीतून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली एक बाटली काढली. वर मेण, आत पाणी, तळाशी पांढरा साका, आणि चिठ्ठीवर माझे अक्षर. खोली, पंचेचाळीस सेंटिमीटर. मी विचारले, "वहिनी, ही चौकशीत का दाखवली नाही त्यांनी?"

"मी बी इचारलं हुतं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "तर म्हनले, बघनारा माणूसच बोलंना, तर बाटलीला कोन इचारतंय?"

मी ती बाटली घेऊन स्मृतिदिनाच्या सभेला गेलो. डॉक्टरसाहेबांनी लेखातलाच मजकूर भाषणात म्हटला, क्षमेपाशी आवाजही थोडा कापरा केला. मग मी उठलो. शाळेच्या विज्ञान शिक्षकांना मी हायड्रोक्लोरिक आम्ल आणायला सांगितले होते. सर्वांसमोर मेण फोडले, बूच काढले आणि बाटली आधी शिक्षकांच्या नाकाखाली धरली.

"वास?"

"काही न्हाई, सर."

"इतक्या वर्षांच्या पाण्यात काय राहणार?" डॉक्टरसाहेब खालून म्हणाले.

आता ते सर्वांना सांगत फिरतात, की बाटलीतून आला तो आम्लाचाच वास होता आणि म्हाताऱ्याने नाटक केले. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळते, की झिंक पडले नसते तर तळाशी तो साका बसला नसता, आणि त्या साक्यावर आम्ल पडले की कोंडलेला वायू सुटतो. तो वास दुसऱ्या कशाचा असू शकत नाही. ज्याने आयुष्यभर त्याच वायूवर भाषणे केली, त्याला तो ओळखता येत नाही, असे मी म्हणणार नाही. सभेला जे हजर नव्हते, त्यांच्यासाठी एवढेच लिहून ठेवतो. बाटलीत आम्लाचे चार थेंब पडले, आणि मागच्या रांगेतून कुणी "अगं आई गं!" म्हणण्याच्याही आधी, पहिल्या रांगेत बसलेल्या डॉक्टरसाहेबांनी रुमाल काढून नाकाला लावला.