दुसऱ्या जगातल्या भाताच्या पहिल्या लोंब्या

मी हे लिहायला बसलोय याबद्दल आधीच माफी मागतो. पुस्तकांविषयी कोणी लिहावं याचा काही एक अधिकार असावा लागतो आणि तो माझ्याकडे आहे असं मला वाटत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. आजोबा गिरणीत होते, बाबा एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय आहेत. शिवाय ज्या पुस्तकांबद्दल सांगायचंय ती आमच्या मराठीच्या मॅडमना दाखवायची मला लाजच वाटली असती. तरीही लिहितो, कारण जे घडलं ते अजून माझ्या डोक्यात मावत नाही.

जपानमध्ये लाइट नॉव्हेल म्हणून छोट्या कादंबऱ्या निघतात, मधेमधे चित्रं असलेल्या. मी वाचतो त्या मालिकेत ऑफिसात राबून राबून मेलेला एक माणूस दुसऱ्याच जगात जागा होतो. तिथे जादू आहे, ड्रॅगन आहेत, पण हा कुणाशी लढायला जात नाही. डोंगराच्या पायथ्याशी जमीन साफ करतो, घर बांधतो. एक अख्खं प्रकरण तो नुसतं सोयाबीन आंबवत बसतो. परदेशातला कुणी हौशी माणूस हे सगळं इंग्रजीत करून इंटरनेटवर टाकतो आणि मी मोबाइलवर वाचतो.

एकदा बाबा पहिली पाळी करून आले, चहा घेऊन खाटेवर बसले आणि म्हणाले, "काय वाचतंस एवढा?"

मी चाचरत गोष्ट सांगायला लागलो. मग तो रिवाजच झाला. चारचा चहा आणि एक प्रकरण, इंग्रजीतून वाचायचं आणि मराठीत सांगायचं. भोईवाड्यातल्या आमच्या एका खोलीत आई भाजी निवडता निवडता ऐकायची, पण प्रश्न विचारायचे ते बाबा. नायकाने शेताला बांध घातला की ते विचारत, "पाणी खयसून हाडल्यान?" पाणी कुठून आणलं ते शोधत मी दोन पानं पुढे जायचो, तर तिथे ओढा वळवल्याचं सगळं लिहिलेलं असायचं. असं चार-पाच वेळा झालं. कुठला तो जपानी लेखक! माझे बाबा काय विचारतील हे त्याला आधीच कसं माहीत?

"चिखलात पाय घातलेलो माणूस आसा तो," बाबा म्हणाले.

सातवीनंतर बाबांना मुंबईला पाठवलं होतं. गावच्या काकांनीही शेती सोडल्यापासून गावची जमीन पडीक आहे. तिच्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नव्हते. आता कुठला कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, पाण्याजवळ, कुठल्याला ऊन जास्त, हे मला चहाबरोबर कळायला लागलं.

चौथ्या भागात नायकाचं भात तयार झालं. त्याने कापलं, कांडलं, शिजवलं आणि शेजारच्या ड्रॅगनला बोलावून जेवला. बाबांनी कप खाली ठेवला.

"आणि नवा?"

आमच्या कोकणात नवीन भात आलं की आधी नवं बांधतात. पहिल्या लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दाराला, देव्हाऱ्याला, नांगराला. त्याशिवाय नव्या तांदळाचा घास कुणी घेत नाही.

"बांधूक नाय? तसोच जेवलो?" बाबांचा चेहरा एवढा उतरला की जणू घरातल्याच कुणी हे केलं होतं.

"थांबा हो, एक पान राहिलं," मी म्हणालो. आणि पानावर नसलेलं सांगितलं. जेवायच्या आधी त्याने मूठभर लोंब्या पानात बांधल्या, दाराला लावल्या, कुदळीला लावल्या. बाबांनी माझ्या हातातल्या मोबाइलला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी ही बातमी चाळीच्या गॅलरीभर झाली. शेजारचे काका रिटायर्ड क्लार्क, त्यांचं इंग्रजी चांगलं. मी आत शर्टाला इस्त्री करत होतो.

"जपानात कुठलं आलंय रे नवं?" काका बाहेर हसत होते. "पोराने गुंडाळलं तुला."

"माझो झील इंग्लिश वाचता," बाबा म्हणाले. "तो खोटा सांगूचो नाय."

शर्ट थोडक्यात जळायचा वाचला. त्याच रविवारी बाबांनी गावी फोन करून काकांना सांगितलं, यंदा एक तरी कुणगा लावूया, मी रजा काढून येतो. तिथे दुसऱ्या जगात लोक करतात, मग आपण का नाही, असंही म्हणाले. खरं सांगितलं तर गॅलरीत त्यांचं हसं होणार होतं आणि ती जमीन कदाचित पुन्हा तशीच राहणार होती. न सांगावं, तर ते माझ्या एका थापेवर चिखलात उतरणार होते.

शेवटी मी त्या अनुवादकाला इंग्रजीत लिहिलं. तीनदा खोडून लिहिलं. सगळं कबूल केलं, नवं म्हणजे काय तेही समजावलं आणि विचारलं, मूळ पुस्तकात नायक पहिल्या लोंब्यांचं काही करतो का? उत्तर आलं नाही. नवीन प्रकरणंही येईनाशी झाली. चारच्या चहाला मी "अजून आलं नाही" म्हणायचो आणि ते निदान खरं होतं. बाबांनी रजेचा अर्ज दिला. बोलायचं ठरवून मी दोनदा त्यांच्यासमोर बसलो आणि दोन्ही वेळा उठलो.

मग एका दुपारी, कॉलेजच्या लायब्ररीत, उत्तर आलं. उशिराबद्दल माफी मागून त्याने लिहिलं होतं की त्याने जपानी प्रत पुन्हा उघडून बघितली. तिथे चार ओळी आहेत. चूल पेटवायच्या आधी नायक पहिल्या लोंब्यांची जुडी बांधून दारावरच्या तुळईला टांगतो. पुढे त्याचेच शब्द: "हे कशासाठी ते मला कळलं नव्हतं, गोष्ट अडखळते असं वाटलं, म्हणून मी त्या गाळल्या. आता परत घालतोय. तुझ्या वडिलांना विचारून सांगशील का, जुडीत लोंब्या किती घेतात?"