एका पेटीत दोन साप

सुलेखाने शंतनूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गवतात पालथा पडला होता. २००३ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या बॉथेल गावी नदीकाठच्या पार्कात मराठी मंडळाची पिकनिक होती आणि कुणाच्या तरी सतरंजीखालून पट्ट्यापट्ट्यांचा एक साप निघाला होता. बायका मुलांना उचलून पळाल्या. पुरुषही निघाले, पण आपण पळत नाही आहोत असं दाखवत, जरा भरभर. आणि हा तिशीतला, केस विरळ झालेला मुलगा हातातलं भजं तोंडात कोंबून सापामागे आडवा झाला. उठला तेव्हा साप त्याच्या मनगटाला सैलसर गुंडाळलेला होता आणि त्याच्या शर्टाला हिरवी चटणी लागली होती.

"घाबरता काहून? घाबरला तर तो आहे," असं म्हणून तो त्याला लांब झुडपात सोडून आला. त्याच्या मागोमाग झुडपापर्यंत एकच जण गेलं होतं, सुलेखाची नऊ वर्षांची आन्या.

शंतनू नागपूरचा. तिथे कॉलेजपासून तो सर्पमित्र होता. कुणाच्या न्हाणीघरात, कुणाच्या स्कूटरच्या डिकीत साप निघाला की याला फोन जायचा. हा आकडी आणि कापडी पिशवी घेऊन जायचा, साप धरायचा आणि शहराबाहेरच्या रानात सोडायचा. नागपंचमीला गारुड्यांच्या टोपल्यांतले उपाशी नाग सोडवताना त्याने मारही खाल्ला होता. साप दूध पीत नाही, हे त्याने इतक्या लोकांना सांगितलं होतं की ते सांगताना त्याचा आवाज आपोआप व्याख्यानाचा व्हायचा. बॉथेलला तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करत असे. ऑफिसात तो फारसा कुणाच्या लक्षात येत नसावा. मंडळात मात्र तो सर्पमित्र होता, आणि कुणी तसं म्हटलं की त्याचे खांदे किंचित वर जात. सुलेखाला ते दिसे आणि त्याच्याबद्दल माया वाटे. वर्षभरात तो घरचाच झाला. ती त्याला अरे-तुरे करू लागली, तो तिला वहिनी म्हणू लागला.

आन्याच्या दहाव्या वाढदिवसाला घरात दोन साप आले. राजीवने, म्हणजे आन्याच्या बाबांनी, आई नाही म्हणेल या भरवशावर हो म्हटलं होतं, आणि आई नाही म्हणायला विसरली. कॉर्न स्नेक जातीची पिल्लं, एकाच विणीतली, पेन्सिलीएवढी. शंतनूने ती पाहिली आणि म्हणाला, "ही आपल्या धामणीची अमेरिकन मावसबहीण." आन्याने नावं ठेवली मेपल आणि पंपकिन. लायब्ररीतून पुस्तक आणून तिने ते अभ्यासासारखं वाचलं आणि त्यात लिहिल्याप्रमाणे दोघांना वेगवेगळ्या पेट्यांत ठेवलं.

पुढच्या वर्षी नागपंचमी सुलेखाकडे झाली. हॉलभर माणसं, पुरणाची दिंडं, आणि शंतनूचं मुलांसाठी भाषण. ते संपल्यावर आन्या पुस्तक घेऊन पुढे आली. मराठीत जमेल तेवढं मराठीत, उरलेलं इंग्रजीत, तिने विचारलं की मेपल आणि पंपकिन एकमेकांना मिस करत असतील का, आणि त्यांना एकत्र ठेवलं तर चालेल का. पुस्तक तर नको म्हणतं.

सगळे शंतनूकडे पाहत होते. त्याने एकेक साप हातात घेतला, उलटा केला, शेपटीवरून अंगठा फिरवला.

"दोघी मादी आहेत," तो म्हणाला. "सख्ख्या बहिणी. खुशाल ठेव एकत्र. पुस्तकं काय, पेट्या विकणारेच लिहितात."

लोक हसले. सुलेखाही हसली, ती दिंडांचं ताट घेऊन त्याच्या शेजारीच उभी होती. एका बायोटेक कंपनीत ती संशोधक होती, लॅबमध्ये पडताळा न घेतलेली गोष्ट ती अहवालात येऊ देत नसे. पण इथे लॅब नव्हती आणि बोलणारा घरचा होता. आन्या क्षणभर पुस्तकाकडे पाहत राहिली. मग तिने ते मिटलं. संध्याकाळी दोन्ही साप एका पेटीत गेले.

शंतनूने आयुष्यात शेकडो साप धरले होते, पण पाळला एकही नव्हता. धरायचा आणि सोडायचा, एवढीच त्याची आणि सापाची ओळख. तो कसा वाढतो, कधी वयात येतो, लहान पिल्लांत नर-मादी ओळखणं किती फसवं असतं, हे त्याला माहीत असायचं कारणच नव्हतं. माहीत नाही एवढं म्हणायचं होतं. ते त्या हॉलमध्ये त्याला म्हणवलं नाही.

२००५ च्या वसंतात मेपल खाईनाशी झाली. अंगाने अजून बारीकच होती, पण पोटाकडे गाठी दिसू लागल्या. एका शनिवारी सकाळी आन्या रडत खाली आली. पाण्याच्या भांड्यात चार पांढरी अंडी बुडून पडली होती. घालायला ओलसर, आडोशाची जागा कुणी केलीच नव्हती. आणखी अंडी आत अडकली होती आणि मेपल भिंतीला तोंड लावून निपचित पडली होती. राजीव कामासाठी सांता क्लाराला गेला होता. सुलेखाने शंतनूला फोन केला.

तो आला, पेटीपाशी बसला. त्याने मेपलच्या अंगावरून बोट फिरवलं, मग पंपकिनला उचललं आणि परत ठेवलं. पंपकिन नर होता, आता वाढल्यावर ते स्पष्ट दिसत होतं. त्याचा चेहरा उतरत गेलेला सुलेखाने पाहिला. नऊ महिन्यांपूर्वीचा तो हॉल दोघांनाही आठवला, यात तिला शंका नव्हती. आणि त्याच क्षणी तिच्या तोंडून निघालं,

"आन्या, एवढं पुस्तक वाचतेस ना तू? मग त्यात लिहिलेलं पाळायला नको? जीव आहे तो, खेळणं नाही."

पाहुण्याला अवघडल्यासारखं व्हायला नको म्हणून आपल्या पोराला दोन शब्द जास्त बोलायचे, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की वाक्य पुरं झाल्यावरच तिला ते ऐकू आलं. कपबशी फुटली, कुणी काही सांडलं, की तिची आई असंच करायची. अशा वेळी पाहुण्याने काय म्हणायचं तेही ठरलेलं असतं. शंतनू ते म्हणाला.

"असू द्या वहिनी. लहान आहे ती. होतात चुका."

आन्याने दोघांपैकी कुणाकडेही पाहिलं नाही. तिने मेपलला उशीच्या अभ्र्यात घेतलं आणि विचारलं, "कॅन वी जस्ट गो, प्लीज?"

सापांच्या डॉक्टरीणबाई लांब होत्या. गाडी शंतनूने चालवली. बाईंनी तपासून सांगितलं की मादीचं वय आणि वजन अंड्यांसाठी फारच कमी होतं, ऑपरेशन करावं लागेल, पण खात्री देता येत नाही. मग त्यांनी सहज विचारलं, या दोघी मादी आहेत हे कुणी सांगितलं होतं?

शंतनू भिंतीवरच्या कासवाच्या चित्राकडे पाहत होता. सुलेखा पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

"वी जस्ट गेस्ड," आन्या म्हणाली.

मेपल ऑपरेशनमध्ये दगावली.

राजीव परत आल्यावर सुलेखाने त्याला सांगितलं की आन्याने दोघांना एकत्र ठेवलं होतं. ते खोटं नव्हतं. मैत्रिणींनाही तिने तेवढंच सांगितलं. आन्या जवळपास असली की ती आवाज खाली आणून सांगे, आणि आवाज खाली आला की तिचं तिलाच कानकोंडं होई. शंतनू यायचा बंद झाला. नागपंचमीला त्याचा फोन आला, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, येत नाही म्हणून. बरं झालं, असं तिच्या मनात आलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची तिला दिवसभर लाज वाटत राहिली. मुलांनी विचारलं, शंतनूकाका का नाही आले? आन्या ताटल्या उचलत म्हणाली, "ही इज बिझी." अकरा वर्षांची पोरगी दोन मोठ्या माणसांना सांभाळून घेत होती.

ऑक्टोबरमध्ये एका रविवारी तो न कळवता आला. बूट काढून दारातच उभा राहिला. राजीव पेपर घेऊन बसला होता. शंतनूने त्याच्याकडे पाहून मान हलवली आणि आन्याला हाक मारली. ती जिन्यात थांबली.

"आन्या, तुझं पुस्तक बरोबर होतं," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं. सगळे बघत होते म्हणून मी सांगून टाकलं. मग तुला बोलणी बसली तेव्हाही मी गप्प बसलो. डॉक्टरकडेसुद्धा."

"आय नो, काका," आन्या म्हणाली. मग मराठीत, शब्द जुळवत, "तू सापाकडे बघत नव्हता. लोकांकडे बघत होता."

राजीवने पेपर खाली ठेवला आणि सुलेखाकडे पाहिलं. ती ओट्याला टेकून उभी होती. शंतनूची मान खाली होती, आणि त्याला ‘आता असू दे’ म्हणून सोडवणं तिला सहज जमलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"तेव्हा मी शेजारीच उभी होते," ती आन्याला म्हणाली. "मी ऐकलं होतं सगळं. तरी तुलाच बोलले."

आन्या वर गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. त्या दिवशी ती जेवायलाच खाली आली, आणि शंतनू तोवर गेला होता.

त्यानंतर तो येऊ लागला, पण पूर्वीसारखा रोज उठून नाही. भाषण त्याने पुन्हा केलं नाही. मंडळाने दोनदा विचारलं, दोनदा तो नको म्हणाला. आन्याशी तो बोलतो, ती त्याला उत्तर देते. पहिल्यासारखं मात्र झालं नाही, आणि तसं झाल्याचं तिघांपैकी कुणी भासवतही नाही.

शंतनू आता पस्तिशीचा आहे. अजून बॉथेललाच असतो, त्याच कंपनीत. दर शनिवारी सकाळी, लोकांनी टाकून दिलेले साप आणि सरडे सांभाळणाऱ्या एका लहानशा संस्थेत जातो आणि पेट्या धुतो.