आरोहीचे आबा

आबा वर्गात शिरताना चपला बाहेर काढून ठेवत. मी शिकवत असलेल्या पहिलीच्या वर्गात बाकी कुणी तसं करत नसे. "इद्या शिकवता ना इथं," असं म्हणून ते शेवटच्या बाकावर अंग चोरून बसत. शेजारी त्यांची नात, आरोही.

आरोही स्वमग्न होती. सगळी मुलं एकदम बोलू लागली की कान दाबून बाकाखाली शिरायची, किंचाळायची. घरचं कुणीतरी सोबत बसावं, असं शाळेनं सांगितलं. आई-वडील दोघंही वाळूजला नोकरीला. म्हणून शेती थोरल्या मुलावर टाकून आबा पिशोरहून शहरात आले.

सुरुवातीला त्यांना काही पटत नव्हतं. "लाड लई झाले, बाई. दुसरं काय नाय," म्हणायचे. मग एकदा स्वातंत्र्यदिनाच्या तालमीत अचानक ढोल वाजला. आरोही थरथरत त्यांच्या सदऱ्यात तोंड खुपसून राहिली. तिला मैदानाच्या टोकाला नेऊन, शांत करून ते परत आले, तेव्हा डोळे ओले होते. "हे सोंग नाय, बाई. पोरीला खरंच सोसत नाय. मी उगंच रागवत राह्यलो तिला."

त्यानंतर शाळेच्या समुपदेशक ताईंनी सुचवलेलं सगळं त्यांनी मनावर घेतलं. प्रार्थना संपल्यावरच तिला वर्गात आणायचं. गलका वाढला की तिनं लाल कार्ड दाखवायचं आणि कपाटामागच्या सतरंजीवर जाऊन बसायचं. पालकसभेत एका आईनं विचारलं, "एकीलाच सवलत का?" आबा उठून उभे राहिले.

"दमलेला बैल सावलीला बांधला म्हणून बाकीचे रुसत नाईत, ताई."

हळूहळू जमू लागलं. मग समुपदेशक ताई म्हणाल्या, आता आबांनी दूर व्हायचं. आधी बाकावरून दारात, मग दारातून फाटकापाशी. आबांनी मान हलवली. नंतर मला एकटीला म्हणाले, "बरंच हाय. मी काय तिच्या जलमाला पुरणार व्हय?"

दिवाळीच्या सुट्टीत ते पिशोरला गेले. तिथंच एका पहाटे झोपेत गेले.

शाळा उघडली. मधल्या सुट्टीत आरोहीनं माझी ओढणी ओढून विचारलं, "आबा कधी येणार?" 'देवाघरी गेले' वगैरे तिला कळणार नाही, सरळ सांगा, असं ताईंनी बजावलं होतं. मी म्हणाले, "आबा वारले. आता ते कधीच येणार नाहीत."

ती सतरंजीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं उठून आली आणि पुन्हा तेच विचारलं. उत्तराचे शब्द बदलले की ती बिथरते. म्हणून शाळा सुटेपर्यंत मी तेच शब्द, त्याच आवाजात, पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.