मरून स्वेटरच्या बाह्या

अकोल्याचा उन्हाळा साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, आमच्या हिवाळ्यावर मात्र कोणाचा विश्वास बसत नाही. पुण्यात एकदा मी आमच्याकडच्या थंडीच्या गोष्टी सांगायला लागले तर समोरच्या बाई चक्क हसल्या. त्यांना काय सांगणार? दिवाळीच्या आसपास एक सकाळ अशी येते, की कालपर्यंत नकोसं झालेलं ऊन एकदम हवंहवंसं वाटतं. ओठ उलतात. पोटरीवर नखानं रेघ ओढली की पांढरी उमटते. सकाळच्या शाळेत जाताना तोंडातून वाफ निघायची आणि आम्ही पोरी विडी ओढायचं सोंग करायचो. मला हिवाळा फार आवडायचा. सातवीपर्यंत.

आमच्या घरी हिवाळा आईच्या सुयांनी सुरू व्हायचा. दसऱ्याचं सोनं वाटून झालं की ती ट्रंकेतले जुने स्वेटर काढायची. दादाला तोकडा झालेला स्वेटर उसवायचा, लोकरीच्या लडी करून कोमट पाण्यात धुवायच्या, वाळवायच्या आणि त्याच लोकरीचा माझा विणायचा. त्यामुळे माझ्या अंगावर कायम दादाचं गेलं साल असायचं. नवी लोकर माझ्या नावानं घरात कधी आलीच नव्हती.

सातवीत आली. मरून रंगाची, मऊ, थेट बाजारातून, आईच्या पिशवीतून.

"कोनासाठी व आई?"

"तुह्यासाठी नाई त कोनासाठी?" आई म्हणाली.

मग काय विचारता! लडी दोन्ही हातांवर ताणून मी तास तास उभी राहिले, आई गुंडा करायची. खांदे भरून यायचे, पण मी हूं की चूं केलं नाही. तिला विणायला वेळ मिळावा म्हणून भांडी घासली, अंगण झाडलं. ऑक्टोबरच्या त्या चिडक्या उन्हात ओट्यावर बसून ती विणायची आणि थोड्या थोड्या वेळानं मला हाक मारायची. पाठ झाली, पुढा झाला, बाह्या झाल्या, सगळं माझ्या अंगाला लावून पाहिलं. "नीट उभी राय. वाकू नोको." मी श्वास रोखून उभी.

बाह्या माझ्या बोटांवर यायच्या. मी म्हटलं, लांब झाल्या.

"थंडीपावतर वाढशीन."

मी मनावर घेतलं. रोज दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीनं खूण करू लागले. स्वेटरला पुरेशी होण्याची जबाबदारी आता माझी होती. खूण तसूभर हलत नव्हती, तरी मी वर्गातल्या तिघींना सांगून टाकलं होतं की दिवाळीनंतर पाहा.

भाऊबीजेला धामणगावहून मामा आले. सोबत माझी मामेबहीण. माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा दोन बोटं उंच. त्याच उन्हाळ्यात मामी वारली होती. आईनं मामाला ओवाळलं, तबक खाली ठेवलं आणि आत जाऊन मरून स्वेटर घेऊन आली. गुंड्यासुद्धा लावून झाल्या होत्या. मी उठून उभी राहिले. महिनाभराची सवय. हातसुद्धा थोडे पुढे केले असतील.

आई माझ्या बाजूनं पुढे गेली आणि तिनं तो मामेबहिणीच्या अंगात घातला. गळ्याशी नीट केला, मनगटाशी काठ ओढून पाहिला. बाह्या तिच्या मनगटावर बरोबर बसल्या. ना बोटभर जास्त, ना कमी.

स्वयंपाकघरात मी आईचा पदर धरला. "तू तं माह्यासाठी म्हनलं होतं."

"बिन मायची पोरगी हाये ते. तुले माय हाये न? तुले दुसरा विनतो."

दुसरा कधी विणला गेला नाही. तो हिवाळा मी गेल्या साली दादाच्या लोकरीतून विणलेल्या निळ्या स्वेटरमध्ये काढला आणि वर्गातल्या तिघींना काय सांगितलं ते आता आठवत नाही. मामेबहिणीवर रागावायची सोय नव्हती. आई गेलेल्या पोरीवर रागावणारी मी कोण? आईला ऐनवेळी तिची दया आली असती, तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं. पण ते माप पहिल्या दिवसापासून मामेबहिणीचं होतं. मला फक्त उभं केलं होतं. कोणासाठी हे तेव्हाच सांगितलं असतं तरी मी लडी धरली असती. कदाचित तोंड वाकडं करून, पण धरली असती. आईला तेवढाही माझा भरवसा वाटला नाही, हे अजून खुपतं.

आता आई माझ्याकडे अमरावतीला असते. माणसं, वार, तारखा तिच्या हातून निसटत चालल्या आहेत. यंदा पहिली थंडी पडली त्या सकाळी शेजारची सून अर्धवट विणकाम घेऊन आली. मोबाइलवर पाहून शिकतेय, मध्येच भोक पडलं होतं. आईनं न पाहताच बोटांनी सुटलेला टाका शोधला आणि वर उचलून घेतला. मी चकित झाले.

मग माझ्याकडे बोट करून ती कौतुकानं सुनेला म्हणाली, "इच्यासाठी मी मरून लोकरीचा विनला होता. नवी लोकर! अंगातून काढू देत नोती." आणि मला, "हाये न व तो? दाखव बरं इले."

चाळीस वर्षं एक वाक्य माझ्या तोंडाशी होतं. पण आईचा चेहरा असा उजळला होता, की मी म्हणाले, "वरतं ठेवला हाये. उद्या काढतो."

एवढ्यावर थांबली असती तरी मी सोसलं असतं. पण ती पुढे बोलली. "बाह्या लांब झाल्या होत्या पह्यले. पन थंडीपावतर वाढली हे. बरोबर बसला."

"आई, मी वाढली नोती," मी म्हणाले.

तिनं ऐकलं नाही. ती सुनेच्या सुईवरचे टाके मोजत होती.