दोन सापांचं एक घर

मी चौथी शिकलेला सुतार. लिहिणं हा माझा धंदा नव्हे. पण गेल्या हिवाळ्यात एका सापाने माझी खोड मोडली. ते जिला सांगितलं असतं ती माझी बायको ऑक्टोबरात गेली, म्हणून कागदावर उतरवतोय.

माझी मुलगी इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत प्राथमिक शाळेत शिकवते. जानेवारीत तिच्या वर्गाला एका कुटुंबाने दोन साप दिले. कॉर्न स्नेक म्हणतात, बिनविषारी असतात. माशांच्या एका तडकलेल्या काचेच्या टाकीत आले. मुलीचा फोन आला.

“बाबा, सापाचा घर बनवाल का? दुकानात बघितलं. पण तुम्ही चांगला करता.”

तिचं मराठी असंच आहे. आईने सुधारायचं सोडलं तिथे मी काय सुधारणार? मला घराबाहेर काढायचा तिचा डाव होता, हेही मला कळलं. ही गेल्यापासून मी सुतारकामाच्या शेडचं कुलूप काढलं नव्हतं. जमलं तर भात करायचा, नाहीतर चहात टोस्ट बुडवून झोपायचं.

“दोन बनवा,” ती म्हणाली. “एकेकाला वेगळा.”

“दोन कशाला? भाऊबहीण आहेत ना?”

“साप एकटे राहतात, बाबा. सगळ्या पुस्तकात आहे.”

“पुस्तकवाल्यांनी सापाला विचारलं होतं का?”

हट्टात ती माझ्यावर गेलीय, पण मोठ्यांपुढे गप्प बसायचं तेवढं आईकडून घेतलंय.

माझं डोकं तसं का चाललं ते सांगतो. ही दर नागपंचमीला पाटावर गंधाने नाग काढायची. त्या दिवशी घरात विळी नाही, सुरी नाही, माझी करवतसुद्धा बंद. चाळीसहून जास्त वर्षं इथल्या किचनमध्ये तिने ते पाळलं. नाग काढायची ते कायम दोन. एकमेकांत गुंतलेले. मी एकदा विचारलं, एक काढला तर गंध वाचेल की. तर म्हणाली, “एकटा काढू नये.” आमच्या गावाकडेही हेच. जोडीतला एक मारलात तर दुसरा डूख धरतो, जोडी तोडू नये. शास्त्र काय ते मला ठाऊक नाही. पण ही गेल्यावर तीन महिन्यांत मला कुणी जोडी तोडायला सांगत होतं, आणि ते मी करणार नव्हतो.

माप घ्यायला शाळेत गेलो. लहानपणी साप म्हणजे काठी आणि आरडाओरडा. नीट पाहिलाच नव्हता कधी. मुलीने दोघांतला धाकटा माझ्या हातावर ठेवला. थंड, ओला लागेल असं वाटलं होतं. तो कोरडा आणि कोमट होता. नारिंगी अंगावर तांबडे डाग, प्रत्येक डागाला काळी कड. पोट पाहिलं तर काळ्यापांढऱ्या चौकटी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. मी सत्तर वर्षांत लाकडात इतका नीट सांधा बसलेला पाहिला नाही जितके त्याचे खवले बसले होते. मनगटाभोवती फिरला तेव्हा कुठे फट पडली नाही की कुठे सुरकुती आली नाही. हे कुणी केलं असेल, असं मनात आलं, आणि माझी मान आपोआप खाली गेली. देवळात एवढी जात नाही.

शेड उघडली. एकच पेटी केली, सहा फूट लांब. मेलामाइनचा बोर्ड, पुढे सरकत्या काचा, कोपरे सिलिकॉनने बंद. ज्या फटीतून पोस्टकार्ड जाईल तिथून साप जाईल, असं स्वतःलाच बजावलं आणि प्रत्येक फटीला पोस्टकार्ड लावून पाहिलं. एका टोकाला उबेचा दिवा, त्याला जाळी, ऊब ठरावीक ठेवायला थर्मोस्टॅट. दुसरं टोक गार. उबेच्या टोकाला लपायला एक गुहा केली, दोघांना पुरेल अशी. मुलीने पेटी वर्गात खिडकीपासून आणि रेडिएटरपासून लांब ठेवून घेतली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, बघा, महाल.

“एकच?” मुलगी म्हणाली.

“एकच.”

दोघे गुहेत एकमेकांवर वेटोळं घालून पडायचे. मी दर दोन दिवसांनी बघायला जायचो. मुलीला म्हणायचो, “बघ किती माया आहे.”

धाकट्याने पहिला उंदीर न खाता सोडला. साप-पालींचं दुकान आहे तिथून गोठवलेले उंदीर आणतात, कोमट करून देतात. मोठ्याला आणि त्याला मुलगी वेगवेगळ्या डब्यांत घालून खायला द्यायची. मोठा खायचा. धाकट्याने दुसरा सोडला. तिसराही. पाठीचा कणा वर दिसायला लागला.

आम्ही त्याला दुकानात नेलं. तिथल्या बाईने वजन केलं आणि मला पेटीचा फोटो दाखवायला सांगितला. दोन्ही हातांवर गोंदवलेली बाई, पण बोलायला सरळ.

“तुम्हाला ही मिठी वाटते,” ती म्हणाली. “उबेची जागा एकच आहे. मोठा त्या जागेवर बसलाय, आणि धाकटा त्याच्या अंगाखाली मिळेल तेवढी ऊब घेतोय. याला चोवीस तास भीती आहे. भ्यालेला साप खात नाही.”

मी पेटीचा फोटो पुन्हा पाहिला. काम सुबक होतं. चुकीचं होतं.

गाडीत मुलगी रडली. रडताना तिचं मराठी आणखी मोडतं.

“मम्मी गेली तेव्हा मी दोन आठवडे शाळेत नव्हती. परत आली तर मुलांनी कार्ड केला होता. तीस सह्या. आता हा मेला तर मी त्यांना काय सांगू, बाबा? परत मरणाचा नाही सांगणार मी. आणि हेड टीचर म्हणाली, एक मेला तर दुसऱ्याला पण द्यायचा कुणाला तरी.”

“मरणार नाही,” मी म्हटलं. माझ्या हातात काय होतं ते म्हणायला? पण म्हटलं.

हाफ-टर्मची, आठवड्याची सुट्टी लागली. धाकट्याला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्रा कोटाच्या आत धरून, ती माझ्या घरी घेऊन आली. महाल शाळेत. इथे त्याला ठेवायचं कशात? मी कपाटावरून झाकणाला क्लिपा असलेला मोठा डबा काढला आणि गरम पाण्याने तीनदा धुतला.

“मम्मीचा पापडांचा डबा?” ती म्हणाली.

“रिकामाच आहे.”

बाजूंना बारीक भोकं पाडली. खाली किचन पेपर, अर्ध्या डब्याखाली उबेची मॅट, पाण्याची वाटी, आणि टॉयलेट रोलच्या आतली पुठ्ठ्याची दोन नळकांडी, एक उबेला, एक गार बाजूला. झालं घर. सुताराला लाज वाटावी असं. तो सरसर गेला, एका नळकांड्यात शिरला आणि अंग चारी बाजूंनी टेकवून पडून राहिला. मी सहा फूट दिले होते. त्याला सहा इंच हवे होते, आणि दुसरं कुणी नको होतं.

दुकानातल्या बाईने सांगितलं होतं, चार दिवस उघडायचं नाही, बघायचंही नाही. मी डब्यावर टॉवेल टाकला आणि शेडमध्ये पेटीसाठी मधली फळी कापत बसलो. काच नाही, फळी. पलीकडचा दिसायलाही नको.

पाचव्या दिवशी दुपारी उंदीर कोमट करून नळकांड्याच्या तोंडाशी ठेवला. किचनमध्ये खुर्ची घेऊन बसलो. टॉवेलचा एक कोपरा उचललेला. जीभ आली. आत गेली. पुन्हा आली. बराच वेळ काही नाही. मग एवढंसं डोकं बाहेर आलं आणि झडप घालून त्याने उंदीर धरला.

पुढचं जे पाहिलं ते पाहतच राहिलो. त्याचं डोकं माझ्या अंगठ्याएवढं, आणि उंदीर त्याहून जाड. जबडा उघडला तो उघडतच गेला. एक बाजू पुढे सरकायची, मग दुसरी, जणू तोंडच उंदरावर चालत होतं. हात नाहीत, पाय नाहीत, मदतीला कुणी नाही. घाई नाही. फुगवटा हळूहळू गळ्यातून खाली गेला. मग त्याने एक मोठी जांभई दिली, जबडा जागेवर बसवला आणि मागे मागे सरकत नळकांड्यात गेला. मी खुर्चीत हात जोडून बसलो होतो. कधी जोडले ते माहीत नाही.

मुलीला फोन केला.

“खाल्ला?”

“खाल्ला. अख्खा.”

पलीकडे बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज. मग, “आता दोन दिवस हात नाही लावायचा, बाबा. आणि तुम्ही जेवले?”

घड्याळात तीन वाजले होते. “जेवतो,” म्हटलं. पिठलं टाकलं, हिच्यासारखं नाही झालं, गुठळ्या राहिल्या. तरी बसून सगळं खाल्लं. टॉवेल टाकलेल्या डब्याशेजारी, भांड्याचा आवाज न करता.

शाळा उघडायच्या आधी फळी बसवली. दोन दिवे, दोन थर्मोस्टॅट, दोन्हीकडे दोन दोन गुहा, अंगाला घट्ट बसतील अशा. दोघेही खातात. पोरांनी विचारलं, त्यांना एकमेकांची आठवण येत नाही का? मी म्हटलं, नाही, त्यांना येत नाही. सापांपुरतं ते खरं आहे.

नागपंचमीला पाट मीच मांडला. विळी-करवत बंद ठेवली. गंधाने दोन नाग काढले, एक पाटाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. मधली जागा कोरी ठेवली. मुलगी बघत होती. चूक म्हणाली नाही.