लीलाबाईंची तबकडी

आमच्या ऑफिसची बस चालवणारे कैलास एका रविवारी जांबे गावातल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर आले, ते आईला घेऊनच. जुने रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करण्याचा माझा नाद त्यांना ठाऊक होता. त्यांच्या आईच्या, लीलाबाईंच्या, काखेत लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली एक तबकडी होती.

"ही मी हाय, लेकरा," त्या म्हणाल्या. "हिला बोलती कर."

चाळीसेक वर्षांपूर्वी पुण्याहून काही मंडळी त्यांच्या गावी, उरवड्यात, येऊन जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून गेली होती. त्याची तबकडी निघाली आणि लीलाबाईंना एक मिळाली. ती वाजवायला घरात काहीच नव्हतं, म्हणून ती माळ्यावर गेली. आता नात सोनमची हळद ठरली होती. हळदीचं जातं सवाष्णींनी फिरवायचं आणि ओव्याही त्यांनीच म्हणायच्या, अशी गावची रीत. लीलाबाईंचा नवरा वारलेला. त्यांच्यासारखा गळा पंचक्रोशीत नाही, तरी भावकीतल्या थोरल्या जाऊबाई, गंगूबाई, यांनी ठणकावून सांगितलं होतं, "तू मागं बसायचं."

"मला आडवलं. माज्या तबकडीला कोन आडवतंय, बगतेच," लीलाबाई म्हणाल्या.

असल्या रीतींचा मला मनापासून संताप येतो. बाई मला तिथल्या तिथं आवडल्या.

तबकडी बघून मात्र मी कपाळावर हात मारला. माळ्यावरच्या उन्हानं ती पापडासारखी वाकली होती. सुई धरणारा माझ्या प्लेअरचा हात, म्हणजे टोनआर्म, तिच्यावर ठेवला की उड्या मारायचा. मग मी जुना बाजार पालथा घातला आणि दोन जुने हात आणले. एक जाडजूड, वळणदार, चकाकणारा. दुसरा काडीसारखा बारीक, रंग उडालेला. मन अर्थातच पहिल्यावर गेलं. पण तो बसवला, तर तबकडीच्या चढावर सुई रुतायची आणि उतारावर हवेत राहायची.

"बडा घर, पोकळ वासा," लीलाबाई म्हणाल्या. मी चिडून तो काढून ठेवला.

मग बारका बसवला. मागचं वजन फिरवत फिरवत तो अधांतरी आडवा राहीपर्यंत तोलला आणि मग सुईवर हलकासा भार दिला. कागदावर रेघा मारून सुईचा कोन सरळ केला. या खेपेला सुई तबकडीबरोबर वरखाली जात राहिली. खरखर झाली आणि एक तरुण, खणखणीत आवाज खोलीत आला:

"दळण दळीते, पीठ पडं पिवळं गं,
लेकीच्या अंगाला ऊन लागं कोवळं गं."

"लई रेटून गायची की मी," लीलाबाई म्हणाल्या. डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

हळदीच्या दिवशी उरवड्यात दारातच मांडव होता. बायकांच्या ये-जा करण्यानं सुई हलू नये म्हणून मी प्लेअर दगडी पाट्यावर ठेवला. स्पीकरच्या वायरी जोडून वळतो तर काय, नवरीच्या आईनं, दीपालीवहिनींनी, जात्याला बांधतात तसं टोनआर्मलाही हळकुंड बांधलेलं!

"शुभकार्याला आलाय त्यो. मोकळा कसा ठिवायचा?" त्यांचं म्हणणं.

माझी सगळी मेहनत पाण्यात गेली होती. मी ओरडलो, त्या फुगल्या, आणि हळकुंड शेवटी प्लेअरच्या पायाला गेलं. मी वजन पुन्हा जुळवलं.

सवाष्णींनी जात्याचा खुंटा धरला, मी सुई टेकवली. मांडवभर आवाज घुमला. मी गंगूबाईंकडे बघत होतो. आता भडका उडणार! पण त्या खुशीत मान डोलवत म्हणाल्या, "वाजू द्या. ह्यो आवाज सवाशिनीचा हाय. तवा हिचा नवरा जित्ता व्हता. ह्याला दोष न्हाई."

बायकांनी माना हलवल्या. तोडगा सगळ्यांना पटला होता. फक्त मागं बसलेल्या लीलाबाई उठल्या, बायकांमधून वाट काढत पुढं आल्या आणि त्यांनी टोनआर्म उचलून बाजूला ठेवला.

"ती सवाशीन, आन् मी कोन?" त्यांनी विचारलं. "गळा त्योच हाय, बाई बी तीच हाय. नवरा मेला. मी न्हाई मेले."

"लीले, पोरीला अपशकुन करतीस!" गंगूबाई कडाडल्या.

लीलाबाई जात्याशी बसल्या. सवाष्णी झटकन बाजूला झाल्या. लीलाबाईंनी एकटीनंच खुंट्याला हात घातला आणि गायला लागल्या. आवाज फाटलेला होता, पण दबलेला नव्हता:

"नातीची हळद दळीन भराभरा गं,
ज्याला न्हाई रुचं त्यानं घरी जावं जरा गं."

जड जातं एकटीला ओढेना. कुणी पुढं येईना. तेव्हा पाटावरची सोनम उठली, आजीसमोर बसली आणि तिनं खुंटा धरला.

"वढ, आज्जे," ती म्हणाली. "तू दळलेलीच हळद मी लावनार. न्हाईतर ऱ्हाऊ द्या लगीन."