बोटांत राहिलेला पासवर्ड

कचेरीत तिला सगळे टकटकबाई म्हणायचे. एकतीस वर्षं तिने दुसऱ्यांची पत्रं टाइप केली, आणि त्यातलं एकही तिला आठवत नव्हतं. डोळे कागदावर, बोटं कळांवर, आणि ती स्वतः मधेच कुठेतरी, घरी गेल्यावर भाजी कोणती करायची या विचारात. निवृत्त झाली तेव्हा साहेबांनी भाषणात तिच्या बोटांचं तोंड भरून कौतुक केलं. तिचं नाव घ्यायचं मात्र राहून गेलं.

नवऱ्याला फिट यायला लागल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरच्या कॉम्प्युटरवर ती एक फाइल ठेवत होती. किती वाजता फिट आली, किती मिनिटं टिकली, कोणती गोळी चालू होती, कोणती बाधली. डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांनी ड्रॉवर बंद होईना, तेव्हा तिने त्यांतला शब्द न् शब्द फाइलमध्ये उतरवला आणि कागद रद्दीत घातले. प्रत्येक नोंदीखाली ती एक ओळ स्वतःची लिहायची. त्या ओळींसाठीच, परगावचा मुलगा सुटीवर आला तेव्हा तिने फाइलला कुलूप लावून घेतलं.

"आई, हे एन्क्रिप्शन आहे," मुलगा म्हणाला होता. "पासवर्ड लांबलचक ठेव, अर्थ नसलेला. कुठे लिहू नकोस. आणि विसरलीस, तर मलाही उघडता येणार नाही." दर रविवारी बॅकअप घ्यायलाही त्याने शिकवलं. एक ड्राइव्ह घरात, दुसरी दुसऱ्या कुणाच्या घरी. एका घराला आग लागली तर दुसरी वाचते. दुसरं घर म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे राहणारी नणंद. टकटकबाईने चोवीस अक्षरांचा पासवर्ड केला, आठवडाभर कागदावर बघून घोटला, आणि मग कागद फाडून टाकला.

गेल्या आठवड्यात न्हाणीघरात नवऱ्याला सावरताना तीच पडली. उजवं मनगट मोडलं. पेरांपर्यंत प्लास्टर, बाहेर चार सुजलेली बोटं, कळ दाबण्याचं बळ नसलेली.

आज सकाळी नव्या डॉक्टरांचा फोन आला. काल दिवसात तीन फिट आल्या होत्या, आज संध्याकाळपासून नवी गोळी सुरू करायला हवी होती. "मागे एका गोळीने अंगभर पुरळ उठलं होतं म्हणालात, ती कोणती? तीच किंवा तिच्या जातीची पुन्हा दिली तर जिवावर बेतेल. चारच्या आत कळवा." आधीचे डॉक्टर दवाखाना बंद करून कधीच निघून गेले होते. अकरा गोळ्या झाल्या होत्या आजवर, सगळ्यांची नावं एकमेकींच्या सख्ख्या बहिणींसारखी.

ती कॉम्प्युटरसमोर बसली. डावा हात कळांवर ठेवला. बोटं चार कळा सरसर चालली आणि थांबली. पुढची कळ उजव्या हाताची होती. कोणती, ते तिला माहीत नव्हतं.

तिने डोळे मिटले, पासवर्ड ओठांवर आणून पाहिला. आत काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत तो डोक्यातून कधी निघून गेला ते तिला कळलंही नव्हतं.

तीनच्या सुमाराला नणंद आली आणि रुमालात गुंडाळलेली ड्राइव्ह टेबलावर ठेवली. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली बाई. अजून शिट्टी गळ्यात असल्यासारखी बोलायची.

"ही घे. तुझी उघडत नाही ना, मग ही उघड. साड्यांखाली सांभाळलीय, कधी हात लावला नाही."

"वन्सं, तिलाही तेच कुलूप आहे."

"म्हणजे पेट्या दोन आणि किल्ली एक? धन्य आहे! कुठाय ती किल्ली?"

टकटकबाईने प्लास्टरचा हात वर केला.

"वहिनी, थट्टा नको. दादा आत कसा पडलाय बघ."

"थट्टा नाही करत. मला तोंडाने येत नाही तो. बोटांना येतो."

"पोराला फोन केलास?"

"केला. तो म्हणाला, मी सांगितलं होतं."

"शहाणाच आहे. बापावर गेलाय."

टकटकबाईने पुन्हा डावा हात चालवला. चार कळा, आणि थांबली. नणंद वाकून बघत होती. "अगं, हे हललं! प्लास्टरच्या हाताचं. करंगळीच्या शेजारचं." तिने खुर्ची ओढली, स्वतःचा उजवा हात कळांवर ठेवला. "माझ्या बोटांवर तुझी बोटं ठेव. तू नुसतं हलव, दाबीन मी."

टकटकबाई हलली नाही. हात नणंदेचा म्हणजे डोळेही नणंदेचे. पडदा दोघींसमोर उघडणार होता. शेजारच्यांना बोलवावं का? कुणीही चाललं असतं, हिच्याखेरीज. भिंतीवर तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. आतून नवऱ्याच्या घशातला घरघर आवाज आला आणि बंद झाला. दोघी कान देऊन थांबल्या. फिट नव्हती, नुसती कूस बदलली होती.

"ठेवते," ती म्हणाली.

सुजलेली बोटं तिने नणंदेच्या बोटांवर टेकवली. दुखलं.

"बोट सैल सोडा, वन्सं. ही कवायत नाही."

"सैलच आहे."

"याहून लाकूड बरं."

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा टकटकबाई म्हणाली, "डोळे मिटा. तुम्ही बघता आणि माझ्या आधीच दाबता." मग दोघींनी डोळे मिटले. डावा हात, उजवा, पुन्हा उजवा, डावा. चोवीस कळा कुणी मोजल्या नाहीत. फाइल उघडली.

डाव्या हाताने एकेक कळ शोधत तिने शोधायच्या चौकटीत 'पुरळ' लिहिलं. फाइल चार वर्षं मागे गेली. नणंदेने चष्मा सारखा केला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात वाचायला लागली. तारीख, गोळीचं नाव, पुढे तिचे मिलिग्रॅम. "अंगभर पुरळ, ओठ सुजले, ताप. गोळी बंद." आणि त्याच दमात खालची ओळ: "आज हे गेले तर मी रडेन की झोपेन, सांगता येत नाही. बहुधा झोपेन."

आवाज तुटला.

नणंदेने गोळीचं नाव कागदावर उतरवून घेतलं, एकेक अक्षर ताडून. डॉक्टरांना फोन लावला, नाव दोनदा वाचून दाखवलं, त्यांच्याकडून परत वदवून घेतलं. "बरं झालं कळवलंत, आम्ही तिच्याच जातीतली देणार होतो," ते म्हणाले. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाला. घासायला भांडी नव्हती तरी भांड्यांचा आवाज येत राहिला.

परत आली ती दारातच उभी राहिली.

"माझा भाऊ आहे तो."

"हो."

"त्याला हे कळलं असतं तर?"

"त्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच सांगितलं."

"तोंडावर?"

"तोंडावर. त्यांचे ओठ सुजलेले, बोलताही येत नव्हतं नीट. म्हणाले, मग झोपायचंस ना थोडं."

नणंदेने हळू विचारलं, "मग कुलूप कशाला?"

"तुमच्यासाठी, वन्सं."

हे ती रागाने म्हणाली नाही. रागाला लागतं तेवढं बळही तिच्यात उरलं नव्हतं. एखादं पत्र पत्त्यावर पोचल्याची पोच द्यावी तसं तिने सांगितलं. नणंदेने पदराने हात पुसले, कोरडे झाल्यावरही पुसत राहिली.

"मी येते म्हणायचे आणि यायचे नाही," ती शेवटी म्हणाली. "यायचे तेव्हा तुझं घर किती पसरलंय ते बघून जायचे." मग नेहमीच्या आवाजात, "ऊठ आता. पड जा. मी बसते त्याच्याजवळ. फिट आली तर वेळ लिहून ठेवीन, कागदावर, सगळ्या जगाला दिसेल अशी."

"एका कुशीवर ठेवा त्यांना. तोंडात काही घालू नका."

"माहितीय गं."

ती आत गेली. खुर्ची ओढल्याचा आवाज आला, मग "दादा, मी आहे."

टकटकबाई फाइल बंद करून कुलूप लावणार होती. मग नाही लावलं. उठायला टेबलावर हात टेकायला हवा होता. एक मोडलेला होता आणि दुसरा दमलेला, आणि कुठला टेकावा हे ठरेपर्यंत ती तशीच बसून राहिली.